वीर ते मस्जिद बंदर: रुळांकाठच्या मोहल्ल्यांनी दिलेला धडा

कोकण रेल्वेचा उत्तरेकडील पहिला टप्पा म्हणजे रोहे ते वीर. सुमारे ४७ किलोमीटरचा हा टप्पा १९९३ साली सुरू झाला आणि मार्ग खेडपर्यंत वाढेतोवर वीर हेच या बाजूचे अखेरचे स्थानक होते. पुढे २६ जानेवारी १९९८ पासून ७४१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग चालू झाला. रोहे-वीर दरम्यान २०२१ मध्ये दुसरा रूळ पडला, २०२२ मध्ये मार्गावर वीज आली. एवढे सगळे झाले, पण महाड-पोलादपूरच्या आमच्या माणसाने वीर स्थानकाचा उपयोग आजवर मुख्यतः एकाच कामासाठी केला आहे. गाव सोडण्यासाठी, आणि ईदला किंवा लग्नाला चार दिवस परत येण्यासाठी.

गाव सोडण्यात गैर काही नाही. रोजीसाठी अल्लाहच्या जमिनीवर फिरण्याची मुभा आपल्याला आहेच. परंतु या रुळांच्या दुसऱ्या टोकाला आपल्या वाडवडिलांनी काय उभे केले, कोणाच्या शेजारी बसून उभे केले आणि त्यातून आजच्या व्यापाऱ्याने काय घ्यावे, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. आज महाडच्या बाजारात ‘बाहेरचे आले, धंदा गेला’ ही तक्रार वाढत्या आवाजात ऐकू येत आहे. अशा वेळी तो विचार करणे आम्हाला निकडीचे वाटते.

रूळ आणि मोहल्ले

वीरहून निघालेली गाडी गोरेगाव रोड, माणगाव, इंदापूर, कोलाड करीत रोह्याला येते, पुढे पेण-पनवेलवरून दिव्याला पोहोचते. दिव्याच्या एका अंगाला मुंब्रा, तर वसईकडे फुटणाऱ्या फाट्यावर भिवंडी. पुढे ठाणे, कुर्ला, शीव, भायखळा, सँडहर्स्ट रोड आणि मस्जिद. ही स्थानकांची नावे आपल्याला तोंडपाठ असतात. पण प्रत्येक नावामागे कुठून तरी आलेल्या माणसांची वस्ती आहे आणि प्रत्येक वस्तीमागे एखादा धंदा आहे.

मस्जिद स्थानकाचेच नाव घ्या. हे नाव एखाद्या मशिदीवरून पडले असावे असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात ते तेथील बेने इस्रायली यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरावरून पडले असे मानले जाते. आपल्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शतकानुशतके तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे हे लोक. त्यांच्यापैकी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. बेने इस्रायली आपल्या बोलीत प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत आणि हे मंदिर ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले जाई. म्हणजे दिवेआगरचे आडनाव लावणारा यहुदी, त्याच्या मंदिराला मशीद हे नाव, आणि त्या नावाच्या स्थानकावर उतरून मसाला, सुकामेवा आणि किराणा खरेदी करणारा महाडचा मुस्लिम दुकानदार. कोकणचा इतिहास इतका एकमेकांत गुंतलेला आहे.

सँडहर्स्ट रोडला उतरून डोंगरीकडे चालू लागलो की इमामवाड्यात निळ्या नक्षीच्या फरशांची मुघल मशीद दिसते. इराणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती १८६० च्या सुमारास बांधली. तिच्या आसपासच्या भागात खोजे, बोहरी, कच्छी मेमन आणि कोकणी यांचे मोहल्ले लागून आहेत. हार्बर मार्गाने एक स्थानक पुढे गेले की डॉकयार्ड रोड. कोकणची जलवाहतूक जोरात होती तेव्हा बाणकोट-दासगावकडचा माणूस आगबोटीने भाऊच्या धक्क्याला उतरे आणि खलाशी म्हणून, गोदी कामगार म्हणून जवळच बिऱ्हाड थाटी. त्याच माझगावात चिनी खलाशांची वस्ती होती. त्यांचे देऊळ आजही तेथे आहे.

भायखळ्याला बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी १८६४ मध्ये बांधलेले यहुदी प्रार्थनामंदिर आहे आणि हाकेच्या अंतरावर मदनपुरा आहे, जेथे उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांनी माग टाकले. शीव स्थानकाजवळच्या धारावीत सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांचा कुंभारवाडा आहे, तमिळ मुस्लिमांनी वाढविलेला चामड्याचा धंदा आहे, बिहार-उत्तर प्रदेशच्या कारागिरांचे जरीकाम आहे. कुर्ल्यात मोटारींच्या सुट्या भागांचा बाजार आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागातून ७ क्रमांकाची रेल्वे धावते. तिच्या काठी भारतीय, बांगलादेशी, लॅटिन अमेरिकन, कोरियन, चिनी अशा वस्त्या एकामागून एक लागतात. तेथील सरकारने १९९९ साली या मार्गाचा राष्ट्रीय वाट म्हणून गौरव केला, तो परदेशातून आलेल्यांची वाट म्हणून. आमच्या मार्गाला असा मान कोणी दिलेला नाही. सरकारी मानाची वाट आम्ही पाहत नाही, पण आपण स्वतः तरी या वस्त्यांची किंमत ओळखावी एवढीच अपेक्षा आहे.

मोहल्ला भांडवल कसे होतो

मोहल्ला म्हणजे निव्वळ घरांची दाटी नव्हे. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर ती एक पेढी आहे. गावातला पहिला माणूस शहरात येतो, एक खोली घेतो. मागून येणारे त्याच खोलीत पथारी टाकतात. कोकणातील अनेक गावांच्या जमातींनी मुंबईत अशा खोल्या राखल्या. गोव्याच्या ख्रिस्ती बांधवांचे धोबी तलावाचे ‘कूड’ आणि गिरणगावातले गावकऱ्यांचे गाळे याच जातीचे. खोलीमुळे भाडे वाचते, खाणावळीमुळे पोट भरते, ओळखीमुळे काम मिळते. हातात कवडी नसलेला पोरगा उस्तादाच्या हाताखाली दोन वर्षे काढतो, मग कोणीतरी त्याला उधारीवर माल देतो. तारण काय? त्याचे गाव, त्याचा बाप आणि त्याची जबान. बँकेच्या दारात ज्याला उभे करीत नाहीत, त्याला मोहल्ला उभा करतो.

पण येथेच एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मोहल्ला माणसाला उभे करतो, श्रीमंत मात्र करतो तो बाजार, आणि बाजार कधीच एका जमातीचा नसतो. मस्जिद बंदरचा व्यापार कच्छी भाटिया, लोहाणा, मेमन, खोजे, बोहरी या सर्वांच्या देवघेवीतून मोठा झाला. एकाने माल आणला, दुसऱ्याने गोदाम दिले, तिसऱ्याने दलाली केली, चौथ्याने किरकोळीत विकला.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच समाजातले आहे. एकोणिसाव्या शतकात चीनच्या व्यापारात नाव काढलेले सर जमशेटजी जिजीभाई पारशी होते. त्यांचे भागीदार मोतीचंद अमीचंद जैन होते आणि दुसरे भागीदार मुहम्मद अली रोगे हे कोकणी मुस्लिम होते. त्या व्यापारात अफूही होती, आणि त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु तीन धर्मांची तीन माणसे एका वहीवर विश्वास ठेवून सात समुद्रांपलीकडे माल धाडीत होती, ही गोष्ट नाकारता येत नाही. याच रोग्यांनी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या, १८०२ साली पूर्ण झालेल्या जामा मशिदीच्या वाढीव बांधकामाला पैसा दिला. बाजारात सर्वांशी भागी आणि कमाईतून दीनची सेवा, यात त्यांना कुठे विसंगती दिसली नाही.

वाटे पडले की काय होते

या वस्त्यांचे कौतुक करताना त्यांची जखम झाकून ठेवणे बरोबर नाही. रोहे-वीर रेल्वे ज्या वर्षी सुरू झाली, त्याच १९९३ च्या आरंभी मुंबई जळत होती. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत सुमारे ९०० माणसे ठार झाल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली. त्यानंतर मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले. मिश्र वस्तीतली माणसे आपापल्या लोकांत सरकली. कौसा हे कोकणी मुस्लिमांचे जुने गाव, मुंब्रा हे लहानसे उपनगर. पण दंगलींनंतर हजारो कुटुंबे तेथे आली आणि तेथे एक शहरच उभे राहिले. त्या माणसांनी शून्यातून दुकाने, शाळा, दवाखाने उभारले, त्यांच्या हिमतीला आमचा सलाम आहे.

पण व्यापारी म्हणून हिशेब मांडा. ज्याचे गिऱ्हाईक पूर्वी पाच जमातींचे होते, त्याचे आता एकाच जमातीचे उरले. एकाच गल्लीत एकाच मालाची दहा दुकाने झाली. भाव पडला, नफा पडला. आणि ज्यांच्याशी देवघेव उरली नाही, त्यांच्या मनात आपल्याविषयी काय भरवले जात आहे हे कळण्याचा मार्गही बंद झाला. ‘यांच्याकडून माल घेऊ नका’ अशी हाक कोणी देतो तेव्हा ती तेथेच चालते, जेथे देणाऱ्या-घेणाऱ्याची आधीपासून ओळख नसते. रोज सकाळी ज्याच्याकडून पाव घेतो, त्याच्याविषयी ऐकलेली अफवा माणूस सहजासहजी मानीत नाही.

भिवंडीने हे शिकून दाखविले आहे. जुने कोकणी मुस्लिम, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, सुताचे गुजराती आणि मारवाडी व्यापारी, या सगळ्यांवर तेथील यंत्रमाग चालतात. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत हे शहर होरपळले. त्यानंतर तेथे पोलिस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांची सामान्य माणसे, त्यांत व्यापारी आणि कारागीरही, नियमाने एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. माग बंद पडला तर सूतवालाही बुडतो आणि विणकरही, हे ज्यांना उमगले त्यांनी शहर वाचविले.

आता आपल्या बाजाराकडे वळू

महाडला औद्योगिक वसाहत आली, महामार्ग रुंदावला, बांधकामे वाढली. त्यामागोमाग उत्तर प्रदेश-बिहारचे सुतार, रंगारी, वेल्डर आले. राजस्थानी हार्डवेअरवाले आणि मिठाईवाले आले. यांत आपले दीनी बांधवही पुष्कळ आहेत. तरी तक्रार अशी की हे लोक कमी मजुरीत काम करतात, रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवतात, आपल्या मुलांना जागा राहत नाही.

ही तक्रार आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्याच्या घरची चूल दुकानावर चालते, त्याला समोर नवे दुकान उघडलेले पाहून धास्ती वाटणारच. परंतु डोंगरीच्या खोलीत पथारी टाकणारा आपला आजाही तेथे ‘बाहेरचा’च होता. कमी मजुरीत तोही राबला, उशिरापर्यंत तोही जागला. आखातात गेलेला आपला मुलगा आजही तेच करतो. जो न्याय आपण आपल्या मुलासाठी मागतो, तोच आपल्या दारात आलेल्याला नाकारायचा, हे कोणत्या तराजूत बसते?

मदीनेचा बाजार आठवा. मक्का सोडून आलेले मुहाजिर रिकाम्या हाताने आले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांचे आणि मदीनावासी अन्सारांचे बंधुत्व जोडून दिले. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपल्या मुहाजिर भावाला, हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना, आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली, पण मालमत्ता घेतली नाही. बाजार कुठे आहे तेवढे मात्र विचारले. मग बनू कैनुकाच्या बाजारात पनीर आणि तूप विकून त्यांनी व्यापार सुरू केला आणि ते मदीनेच्या मोठ्या व्यापाऱ्यांत गणले गेले. या प्रसंगात दोन धडे आहेत. मदीनावासीयाने मन मोठे केले, आणि आलेल्याने दुसऱ्याच्या ताटातले न घेता कष्टाची वाट धरली. आपण पहिला धडा गिरवला तर दुसरा मागण्याचा हक्क आपल्याला पोहोचतो. सूरह हुजुरातमध्येही माणसांच्या जमाती आणि कबिले एकमेकांची ओळख व्हावी यासाठी केल्याचे सांगितले आहे, आणि श्रेष्ठत्वाची कसोटी परहेजगारीची ठेवली आहे.

महाडच्या मातीलाही हे नवे नाही. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अनुयायांवर हल्ले झाले, तेव्हा काहींना मुस्लिमांच्या घरांत आसरा मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरात परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली. दार उघडण्याची रीत या गावाने अशी पूर्वीच पाहिली आहे. आणि २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा ते कोणाच्याही दुकानासमोर जात-धर्म-प्रांत विचारायला थांबले नाही.

करायचे काय?

उपदेश करून थांबणे व्यापाराच्या पानाला शोभत नाही. म्हणून काही सूचना मांडतो.

पहिली, हुन्नर शिका. बाहेरचा सुतार काम नेतो ते मुख्यतः त्याच्या हातात कसब आहे म्हणून. आपल्या मुलाला त्याच्याकडे वर्षभर ठेवा, त्याला योग्य मोबदला द्या. केंद्राच्या २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी, गवंडी, न्हावी आदी १८ पारंपरिक व्यवसायांसाठी प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत ठेवलेली आहे. योजनेतील कर्ज व्याजी आहे. ज्यांना व्याज टाळायचे आहे त्यांनी कर्ज सोडून प्रशिक्षण आणि अवजारे यांकडे लक्ष द्यावे.

दुसरी, भागी करा आणि ती लिहून ठेवा. जागा स्थानिकाची, कसब बाहेरच्याचे, नफा ठरलेल्या वाट्याने. देवघेव लिहून ठेवण्याची सूचना कुरआनने सूरह बकरामध्ये सविस्तर दिली आहे. आपण नमाजाला उभे राहतो पण करार तोंडी ठेवतो, आणि मग भावाभावांत कोर्टकचेरी होते.

तिसरी, आलेल्यांना व्यापारी संघटनेत घ्या. मापात खोट, उरलासुरला माल खपविणे, कामगाराची मजुरी अडविणे याविरुद्ध नियम करायचे तर ते सर्वांना लागू हवेत, आणि जो बैठकीत बसतो तोच नियम पाळतो. पुराच्या आधी माल वर कोणी कसा हलवायचा, याची तयारीही एकट्या दुकानदाराला जमणारी नाही.

चौथी, दुकानाचा दर्शनी भाग सर्वांसाठी ठेवा. मराठी आपली बोली आहे, पाटी ठळक मराठीत असू द्या. भाव लिहिलेले असू द्यात. आदिवासी वाडीवरची बाई असो, बौद्धवाडीतला गडी असो की गावचा पाटील, बोलण्यातला आदर सारखाच असावा.

पाचवी, रुळांचा उपयोग उलट्या दिशेनेही करा. मुंब्रा, कुर्ला, डोंगरी येथे आपल्या गावची हजारो घरे आहेत. त्यांना कोकम, आंबोशी, तांदळाची पापडी, नाचणी, सुकी मासळी लागते आणि ती आज ते कुठूनही घेतात. गावातल्या बायकांच्या बचत गटांनी नीट वजनाची, स्वच्छ बांधणीची पाकिटे केली आणि मोहल्ल्यातल्या दोन-चार दुकानदारांशी ठरावीक पुरवठ्याचा करार केला, तर गिऱ्हाईक शोधत फिरावे लागणार नाही. आपल्या गावकऱ्यापासून सुरुवात करा, पण तेथेच थांबू नका. शेजारच्या तमिळ, बिहारी, गुजराती घरालाही कोकमाची चव लावा.

हे मोहल्ले आज बदलत आहेत. भेंडी बाजारच्या जुन्या इमारती पाडून मनोरे उठत आहेत, धारावीच्या पुनर्विकासाचे वारे वाहत आहे. चांगली घरे मिळावीत, याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. पण दुकानांची रांग मोडली की उधारीची, उस्तादाची आणि ओळखीची साखळीही मोडते, आणि तिची भरपाई चौरस फुटांत होत नाही. म्हणून ज्यांच्या वडिलांनी-आजांनी या मार्गावर धंदा उभा केला, त्यांनी तो कसा केला, पहिला माल कोणी उधार दिला, पहिले गिऱ्हाईक कोण होते, हे घरातल्या वृद्धांकडून आजच लिहून घ्यावे. त्या वह्यांत आपल्याला बहुधा असे आढळेल की पहिला हात देणारा माणूस आपल्या गावचा होता, आणि दुकान चालविणारे गिऱ्हाईक मात्र चारही दिशांचे होते.

वीरच्या फलाटावर पेटी-वळकटी घेऊन उतरणारा परगावचा कारागीर हा आपल्या आज्याच्याच वाटेचा वाटसरू आहे. त्याला बाजाराचा रस्ता दाखवा, त्याच्याशी प्रामाणिक स्पर्धा करा, जमले तर भागी करा. रोजी देणारा अल्लाह आहे. दुसऱ्याचा वाटा अडवून आपला वाटा वाढत नाही. अल्लाह आपल्या व्यापारात बरकत आणि आपल्या मनांत विशालता देवो. आमीन.